भट्टीपाशी कोण, ताटापाशी कोण?

अमेरिकेच्या दक्षिण भागात मांस भाजण्याची एक जुनी रीत आहे. तिला बार्बेक्यू म्हणतात. आपल्याकडच्या बड्या हॉटेलांच्या पाट्यांवरही हा शब्द आता दिसतो. तिथे टेबलावर छोटी शेगडी आणून ठेवतात आणि सळईवरचे तुकडे गरम गरम वाढतात. अमेरिकेतली जुनी रीत निराळी आहे. ती रात्रभर जागण्याची मजुरी आहे. कॅरोलिना भागात अख्खे डुक्कर मंद निखाऱ्यांवर बारा-बारा तास ठेवतात. मोठ्या लोखंडी पिंपात लाकूड जाळायचे, खाली पडलेले निखारे फावड्याने उचलायचे आणि मांसाखाली पसरायचे. निखारे जास्त झाले तर चरबी पेट घेते, कमी पडले तर मांस कच्चे राहते. टेक्सास राज्यात गुरांच्या छातीचा जाड, चिवट भाग ओकच्या लाकडाच्या धुरात बारा-पंधरा तास ठेवतात, तेव्हा तो बोटाने तुटेल इतका मऊ होतो.

हा छातीचा भाग म्हणजे मुळात गरिबाचा घास. चांगले तुकडे पैसेवाल्यांच्या घरी जायचे, चिवट राहील ते मजुराच्या वाट्याला यायचे. आपल्या आज्यांनी चान्या वाळवून ठेवल्या त्या काही हौसेने नाही. मिळेल त्याला चव आणायची कला गरिबाच्या घरातच जन्मते, मग तो मराठवाड्यातला असो की टेक्सासातला.

अशी आग एकट्याने सांभाळता येत नाही. एक-दोन रात्री जमेल, चौथ्या रात्री माणूस झोपेत निखाऱ्यावर जाईल. म्हणून भट्टीपाशी दोघे-तिघे लागतात. एकाने डुलकी काढायची, दुसऱ्याने आगीवर नजर ठेवायची. रात्री दोन वाजता आगीपाशी बसलेली माणसे जे एकमेकांशी बोलतात, ते दिवसाउजेडी बोलत नाहीत. ह्या धंद्यातली मैत्री अशी जमते.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी एकतीस वर्षे मुंबईच्या हॉटेलांत तंदुरावर उभा राहिलो. हेल्पर म्हणून कोळसा फोडण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची पंधरा वर्षे कारागीर म्हणून काढली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत केस नाहीत; तंदुराने ते केव्हाच खाल्ले. मागच्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा काम थांबवले.

आता माझा मुलगा म्हणतो, आपण स्वतःचे दुकान काढू. कोळशावर भाजलेले कबाब, चिकन, सोबत भाकरी. त्याचे दोन मित्र भागीदार. एक आमच्याच वस्तीतला, दुसरा नाक्यावरच्या मटणवाल्याचा मुलगा. तिघेही एका शाळेत शिकलेले. भांडवल म्हणून माझ्या फंडाच्या पैशाकडे सर्वांचे डोळे. तीन महिने घरात हाच विषय होता. माझी मोठी बहीण म्हणाली, "दोस्ती वेगळी, धंदा वेगळा. पैशाला पैसा लागला की दोस्ती जाते." मुलाच्या आईला पैशाची काळजी, मुलाला मित्रांची. मी गप्प होतो.

माझी मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "पप्पा, अमेरिकेत हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी माणसे आहेत. त्यांची दोस्ती कशी टिकली, कुठे तुटली, सगळे लिहिलेले आहे. मी वाचून दाखवते." रात्री जेवणे झाली की ती इंग्रजीतून वाचायची आणि मराठीत सांगायची. मी विचारायचो, ती पुन्हा शोधायची. त्या रात्रींत जे कळले ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

हात चालला, माणूस चालला नाही

कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिश लोकांनी बार्बाकोआ हा शब्द उचलला आणि पुढे त्याचा बार्बेक्यू झाला. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र ह्या कामाचा भार गुलामांच्या खांद्यावर होता. निवडणुकीची सभा असो की मालकाच्या घरचे लग्न, जमिनीत लांब चर खणायचा, लाकूड तोडायचे, रात्रभर निखारे ओढायचे आणि सकाळी शेकडो पाहुण्यांना वाढायचे. हे सगळे कृष्णवर्णीय हातांनी केले. गोरे लोक बोटे चाटून जेवले. पण ज्याने रांधले, त्याला त्या पंगतीत जागा नव्हती.

हे ऐकताना मला आपल्याकडचे आठवले. आपल्याकडे तऱ्हा वेगळी होती. इथे आपला हातच चालत नव्हता. आपण शिवलेले पाणी विटाळायचे, आपण शिजवलेले अन्न विटाळायचे. तिथे हात चालायचा, माणूस चालायचा नाही. इथे हातही नाही आणि माणूसही नाही. रोग एकच, लक्षणे दोन.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बांधवांची दुःखे आपल्या लोकांना परकी नाहीत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि डू बॉइस यांनी त्याचे उत्तरही दिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी मुंबईत दलित पँथर उभी केली, ते नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा ही हकीकत घरच्यासारखीच वाचावी.

अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचे हॉटेल होते. १९२० च्या दशकात सुरू झालेले, एकाच कुटुंबाच्या मालकीचे. २२० माणसे बसतील एवढी जागा. ३६ नोकर, त्यांतले दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय. आजूबाजूची वस्तीही बरीचशी त्यांचीच. आणि नियम असा की कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने पुडके बांधून न्यावे, आत खुर्चीवर बसू नये. म्हणजे भट्टीपाशी तो चालतो, भांडी घासायला चालतो, त्याचे पैसे चालतात; फक्त खुर्ची चालत नाही.

२ जुलै १९६४ रोजी अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेलात असा भेद करण्याला बंदी आली. ऑलीजचे मालक कोर्टात गेले. आमचे हॉटेल स्थानिक आहे, केंद्र सरकारला त्यात बोलण्याचा अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचला. तिथे हिशेब निघाला. हॉटेलाने वर्षभरात सुमारे दीड लाख डॉलरचा माल घेतला होता आणि त्यातला ४६ टक्के माल म्हणजे परराज्यातून आलेले मांस होते. राज्याराज्यांतल्या व्यापारावर केंद्राचा अधिकार असतो, म्हणून ह्या हॉटेलालाही कायदा लागू, असा निकाल १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्व न्यायाधीशांनी एकमताने दिला.

मुलगी हे वाचून थांबली आणि हसली. म्हणाली, "पप्पा, बघा. माणसाला खुर्ची मिळवून द्यायला त्यांना मांसाचे वजन करावे लागले." मग तिने आपली राज्यघटना उघडली. कलम १५ चा दुसरा भाग. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले इथे मज्जाव करता येणार नाही. २६ जानेवारी १९५० पासून हे लागू आहे. अमेरिकेच्या त्या कायद्याच्या आधी चौदा वर्षे. आपल्या घटनेने मांसाचा हिशेब विचारला नाही. तो माणूस आहे, एवढे तिला पुरले.

आता कोणी म्हणेल, कायदा झाला तरी मन कुठे बदलते? खरे आहे. मी ते अनुभवलेले आहे. एका हॉटेलात मी नवीन होतो. ६ डिसेंबरला रजा मागितली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आलो, तेव्हा किचनमध्ये सगळ्यांना सगळे कळलेले होते. स्टाफच्या जेवणाच्या वेळी दोघांनी आपली ताटे उचलली आणि पलीकडे जाऊन बसले. कोणी शिवी दिली नाही, कोणी काही बोलले नाही. मॅनेजरने मला तंदुरावरून काढून भांड्यांकडे पाठवायचे ठरवले. तेव्हा आमचे उस्ताद, उत्तर प्रदेशातले एक वयस्क मुसलमान कारागीर, एवढेच म्हणाले, "तंदूर पर यही रहेगा. मेरा हाथ है ये." आणि त्यांनी आपल्या रोट्या माझ्या ताटात टाकल्या. त्या दिवसापासून ते हॉटेल सोडेपर्यंत आम्ही दोघे एकाच ताटात जेवलो. उस्ताद आता हयात नाहीत. मैत्री ह्या शब्दाचा अर्थ कोणी विचारला तर मला ते ताट आठवते.

ज्यांनी जागा दिली

तिकडेही असे उस्ताद होते. जिथे गोऱ्यांच्या हॉटेलात दार बंद, तिथे कृष्णवर्णीयांनी स्वतःची भट्टी पेटवली आणि ती भट्टी समाजाची चावडी झाली. अलाबामातल्या मॉण्टगोमेरी शहरात १९४२ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबाने बार्बेक्यूचे छोटे दुकान काढले. पुढे ते 'ब्रेंडाज बार-बी-क्यू पिट' म्हणून नावारूपाला आले. त्या काळी मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर कृष्णवर्णीयांना लिहिण्या-वाचण्याची परीक्षा द्यावी लागे आणि ती मुद्दाम अवघड केलेली असे. ह्या दुकानात चळवळीच्या बैठका होत आणि त्या परीक्षेसाठी लोकांना लिहा-वाचायला शिकवले जाई. पुढे मांस विकायचे, मागे अक्षरे गिरवायची. समाजमंदिरात रात्रशाळा चालवणाऱ्या आपल्या लोकांना ह्याची किंमत वेगळी सांगायला नको.

अटलांटा शहरात 'अ‍ॅलेक्स बार्बेक्यू हेवन' नावाचे दुकान होते, तेही १९४२ चेच. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तिथे बरगड्यांचे मांस आवडीने खायला जात. चळवळीतले त्यांचे सहकारीही तिथे बसत. १९९० च्या दशकात ते दुकान पाडले गेले. पण मोर्चाहून दमून आलेल्या माणसाला पाठ टेकायला खुर्ची आणि पुढ्यात गरम ताट मिळाले, ही त्या भट्टीची कमाई कोणाला पाडता येणार नाही.

१९ जून १८६५ रोजी टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन गावात गुलामांना त्यांच्या मुक्ततेची घोषणा ऐकवण्यात आली. दर वर्षी त्या दिवशी कृष्णवर्णीय लोक एकत्र जमून बार्बेक्यू करू लागले. सण साजरा करायला सार्वजनिक बागेत जागा मिळेना, तेव्हा ह्यूस्टनच्या मुक्त झालेल्या गुलामांनी वर्गणी काढली आणि १८७२ साली दहा एकर जमीन विकत घेतली. तिला मुक्ती उद्यान असे नाव दिले. २०२१ पासून तो दिवस साऱ्या अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा आहे. १४ एप्रिलसाठी दारोदार वर्गणीचे पुस्तक घेऊन फिरलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकून ऊर भरून येईल.

विद्या कशी पुढे जाते हेही पाहण्यासारखे आहे. कॅन्सस सिटीत हेन्री पेरी नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. आधी नदीवरच्या आगबोटींच्या भटारखान्यात काम केले. १९०८ च्या सुमारास शहरातल्या एका गल्लीत भाजलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकू लागले. त्यांच्या हाताखाली चार्ली ब्रायंट तयार झाला. १९४० साली पेरी वारले तेव्हा दुकान चार्लीकडे आले आणि १९४६ मध्ये त्याच्या भावाकडे, आर्थरकडे. 'आर्थर ब्रायंट्स' हे नाव पुढे देशभर झाले. पेरींचाच दुसरा एक कारागीर, आर्थर पिंकार्ड, गेट्स कुटुंबाच्या दुकानात गेला आणि त्याने तिथे आपली विद्या दिली. आज त्या शहरातली ही दोन मोठी नावे एकाच माणसाच्या आगीतून निघालेली आहेत. विद्यापीठ नाही, प्रमाणपत्र नाही. शेजारी उभे राहू दिले, एवढीच फी.

टेक्सासच्या लेक्सिंग्टन गावातल्या टूट्सी टोमानेट्झ यांची गोष्ट आमच्या घरी सगळ्यांना आवडली. ह्या बाईंचा जन्म १९३५ चा. १९६६ साली मांसाच्या दुकानात माणूस कमी पडला म्हणून भट्टीवर उभ्या राहिल्या आणि तिथेच रमल्या. 'स्नोज' नावाचे दुकान २००३ साली निघाले, ते फक्त शनिवारी उघडणारे. बाई मध्यरात्रीनंतर येऊन आग हातात घेत. आठवडाभर त्या शाळेत साफसफाई-देखभालीच्या कामावर असत. २००८ साली 'टेक्सास मंथली' मासिकाने राज्यातल्या सगळ्या दुकानांत हे पहिले ठरवले, २०१७ साली पुन्हा पहिले. वयाची ऐंशी उलटली तरी फावडे त्यांच्याच हातात होते. शाळेत झाडू मारणाऱ्या आपल्या भगिनींनी हे जरूर वाचावे.

आग लागली तेव्हा

भट्टीच्या धंद्यात आगीचे भय रोजचे. चरबी ठिबकते, ठिणगी उडते, वारा फिरतो. दोस्ती खरी की बोलण्यापुरती, ते अशा रात्री कळते.

साउथ कॅरोलिनातल्या हेमिंगवे गावात रॉडनी स्कॉट यांच्या आईवडिलांनी १९७२ साली किराणा आणि बार्बेक्यूचे दुकान काढले. कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंब. स्वतः झाडे तोडायची, स्वतः निखारे करायचे. रॉडनीने वयाच्या अकराव्या वर्षी पहिले डुक्कर भाजले. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांची भट्टीची खोली जळून खाक झाली. धंद्यातले त्यांचे मित्र, काळे आणि गोरे दोन्ही, 'फॅटबॅक कलेक्टिव्ह' नावाने एकत्र आलेले होते. त्यांनी पैशाचे पाकीट पाठवून हात झटकले नाहीत. २०१४ साली रॉडनीला घेऊन ते दक्षिणेतल्या शहरांत फिरले. प्रत्येक ठिकाणी तिथल्या दोस्ताने आपली जागा दिली, रॉडनीने आग लावली, लोकांनी तिकीट काढून जेवण केले आणि त्या पैशातून भट्टी पुन्हा उभी राहिली. ह्या दौऱ्यात बर्मिंगहॅम शहरही होते. ज्या शहरात पन्नास वर्षांपूर्वी खुर्चीसाठी सुप्रीम कोर्टात जावे लागले, तिथे एका कृष्णवर्णीय कारागिराच्या भट्टीसाठी लोक रांग लावून जेवले.

पुढे ह्याच मित्रांपैकी निक पिहाकिस यांनी रॉडनीशी भागीदारी केली आणि २०१७ साली चार्ल्सटन शहरात नवे दुकान निघाले. पाटीवर नाव रॉडनी स्कॉट यांचे. २०१८ साली त्यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, तो तिकडच्या स्वयंपाकाच्या क्षेत्रातला फार मोठा मान.

अर्कान्सा राज्यातल्या मारियाना गावचे 'जोन्स बार-बी-क्यू डायनर' तर शंभर वर्षांहून जुने. साध्या पावात डुकराचे मांस, दुसरे काही नाही. २०१२ साली त्यालाही जेम्स बिअर्डचा मान मिळाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते जळाले. देशभरातून लहान लहान रकमा आल्या आणि काही महिन्यांत धूर पुन्हा निघू लागला. २०११ साली मिझुरीतल्या जॉप्लिन शहरावर भयंकर चक्रीवादळ आले, तेव्हा बार्बेक्यूच्या स्पर्धांत एकमेकांविरुद्ध उतरणारे संघ आपापल्या भट्ट्या ओढत तिथे गेले आणि त्यांनी सुमारे १ लाख २० हजार जेवणे वाढली. त्यातूनच 'ऑपरेशन बीबीक्यू रिलीफ' ही संस्था उभी राहिली. कालचे प्रतिस्पर्धी एका आगीपाशी आले.

पण सगळे गोड आहे असेही मी लिहिणार नाही. कितीएक दुकानांत रात्र काढणारा एक आणि पाटीवर नाव दुसऱ्याचे, असेच वर्षानुवर्षे चालले. ज्यांनी ही कला जोपासली त्या कृष्णवर्णीयांना पुस्तकांत, पुरस्कारांत, टीव्हीवर मागे ठेवले गेले. एड्रियन मिलर यांनी २०२१ साली 'ब्लॅक स्मोक' हे पुस्तक लिहून हा हिशेब मांडला. एकत्र हसणे, एकत्र फोटो काढणे सोपे असते. नाव आणि वाटा देताना हात आखडतो. मैत्रीची परीक्षा तिथे आहे.

आमच्या घरातला निर्णय

हे सगळे ऐकून झाल्यावर मी तिन्ही मुलांना घरी जेवायला बोलावले आणि माझ्या अटी सांगितल्या. पैसे देईन, पण अटींवर.

पहिली अट, भागीदारीपत्र लेखी झाले पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. मुलीने कायदा समजावून सांगितला. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वाटे ठरवून लिहिले नाहीत, तर नफा आणि तोटा दोन्ही सारखे वाटले जातात. दुकानाच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो. "मी नव्हतो" असे सावकाराला सांगता येत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण ती नसेल तर उधारी बुडवणाऱ्यावर दुकानाच्या नावाने दावा लावताना अडचण येते. आपल्या समाजातले कितीतरी तरुण आता धंद्यात उतरत आहेत. त्यांनी एवढे तरी माहीत करून घ्यावे. लेखी केल्याने दोस्ती कमी होत नाही. उलट उद्या भांडण झाले तर भांडायला कागद असतो, मित्राचे तोंड लागत नाही.

दुसरी अट, प्रत्येकाने प्रत्येक काम करायचे. आज गल्ल्यावर बसला त्याने उद्या भट्टी साफ करायची आणि परवा भांडी घासायची. एक जण कायम गल्ल्यावर आणि एक जण कायम कोळशावर राहिला, की मालक आणि नोकर तयार होतात.

तिसरी अट, रोज दुकान बंद करताना तिघांनी आणि कामाला ठेवलेल्या पोरानेही एकत्र बसून जेवायचे. त्याच वेळी दिवसाचा हिशेब वहीत लिहायचा. जेवण आणि हिशेब एकाच बैठकीत.

मटणवाल्याचा मुलगा म्हणाला, "काका, तिसरी अट सगळ्यात सोपी." मी म्हणालो, "तीच सगळ्यात अवघड आहे. धंदा वाढला की आधी तीच सुटते." माझी बहीण कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने तिघांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "कागद होऊ दे आधी." एवढ्यावर तिचा विरोध संपला. कागद झाला आहे. गाळ्याची अनामत भरली आहे. दुकान चालेल की नाही हे गिऱ्हाईक ठरवील.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवले आहे, की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. ते अगदी खरे आहे. शेजारी बसून जेवलेला माणूस घरी गेल्यावर पुन्हा आपल्या जातीत शिरतो. तिकडेही ऑलीजच्या खुर्चीवर बसायला मिळाले म्हणून वर्णभेद संपला नाही. तरी ज्याला खुर्चीच मिळालेली नाही, त्याच्याशी पुढचे बोलणे तरी कोण करणार? ताट ही पहिली पायरी आहे. त्याच्या पुढे नाव आहे, वाटा आहे, घरातली सोयरीक आहे. पहिल्या पायरीवर बसून राहू नये आणि ती ओलांडून उडीही मारता येत नाही.

वाचकहो, आपल्यातले हजारो लोक आज हॉटेलांत, खानावळीत, कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या जेवणावळीत राबतात. आगीपुढे उभे राहून दुसऱ्याचे पोट भरतात. त्यांना एकच सांगणे आहे. आपल्या शेजारी जो नवा हेल्पर उभा आहे, कोणत्याही जातीचा, कोणत्याही गावचा, त्याला काम शिकवा आणि जेवायच्या वेळी हाक मारा. आणि मालक झालात, तर हिशेबाच्या वहीत त्याचे नाव पगाराच्या रकान्यात तरी पूर्ण लिहा, नुसते 'पोऱ्या' असे लिहू नका.